लीप वर्ष: 29 फेब्रुवारीचा पगार, हजेरी आणि करार

(बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर आणि नागपूर शहरातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

29 फेब्रुवारी 2028 ला मंगळवार येतो. आज हा विषय कशाला, असे वाटेल. पण 1 मार्च 2027 पासून वर्षभराचा जो करार कराल, त्यात हा दिवस येणारच. दिवस 2028 चा असला तरी त्यावरच्या सह्या 2027 मध्येच होणार आहेत. म्हणून हे पत्रक आत्ता.

दर लीप वर्षी काउंटरवर येणारा पहिला प्रश्न कामगाराचा असतो: "मालक, यंदा एक दिवस जास्तीचा राबलो, मंग त्याचे पैसे?" पगार महिनेवारी असेल तर वेगळे पैसे निघत नाहीत. महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, हे जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897 मध्येच आहे. 31 चा जानेवारी असो की 28 चा फेब्रुवारी, रक्कम तीच राहते. रोजंदारीचे तसे नाही. हजेरी लागली की त्या दिवसाचा रोज द्यायचाच. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. तेव्हा पॅकिंगला रोजाने माणसे लावणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज 29 दिवसांचा धरावा.

खरा घोळ भाजकात

समजा, पगार 17,400 रुपये आहे आणि फेब्रुवारी 2028 मध्ये कामगाराने एक खाडा केला. 29 ने भागले तर कपात 600 रुपये, 30 ने भागले तर 580, आणि 26 ने भागले तर 669 रुपये 23 पैसे. तिन्ही पद्धती नागपुरात चालतात. कधीकधी तर एकाच कारखान्यात ऑफिस स्टाफला एक आणि प्लांटला दुसरी! गैरहजेरीची कपात किती करायची यावर कायद्याची मर्यादा आहे: त्या महिन्यात जितके दिवस काम करणे बंधनकारक होते, त्यातला गैरहजेरीचा वाटा जेवढा, त्यापेक्षा जास्त कापता येत नाही. या बाबतीत जुना वेतन कायदा घ्या की नवी वेतन संहिता, तत्त्व तेच आहे. रविवारी सुट्टी असलेल्या युनिटमध्ये फेब्रुवारी 2028 चे कामाचे दिवस 25 भरतात. मंगळवारी सुट्टी असेल तर 24, कारण त्या महिन्यात मंगळवार पाच आहेत. म्हणजे 17,400 पगारावर एका खाड्याची मर्यादा 25 दिवसांना 696 आणि 24 दिवसांना 725 रुपये येते. त्यामुळे वरच्या तिन्ही कपाती मर्यादेत बसतात.

मर्यादा ओलांडली जाते ती वेगळ्याच जागी. बऱ्याच पगारपत्रकांत "हजर दिवस गुणिले रोजचा दर" असे सूत्र बसवलेले असते. 30 च्या भाजकाने दर 580 आला, माणूस महिनाभर एकही खाडा न करता आला, आणि सूत्राने 29 गुणिले 580 म्हणजे 16,820 रुपये काढले. पूर्ण हजेरी लावूनही 580 रुपये कमी! साध्या फेब्रुवारीत तर हीच तूट 1,160 रुपयांची होते, फक्त तेव्हा कुणी बोट ठेवत नाही. उपाय सोपा आहे: पूर्ण पगारापासून सुरुवात करा आणि त्यातून खाडे वजा करा. हजर दिवसांपासून वर चढू नका.

आमचे मत विचाराल तर खाड्याच्या कपातीला महिन्याचे प्रत्यक्ष दिवस घ्या. कामगाराला समोर बसवून समजावता येते. ओव्हरटाइमचा आणि रजेच्या रोखीकरणाचा भाजक वेगळा असू शकतो, पण तो नेमणूकपत्रात किंवा करारात लिहिलेला हवा. ग्रॅच्युइटीत मात्र निवडीला वावच नाही. तिथे भाजक 26, लीप वर्ष असो वा नसो.

जाता जाता: फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 रुपये कापला जातो, त्याचा लीप वर्षाशी काही संबंध नाही. वर्षाचे 2,500 पूर्ण करण्यासाठी ते वरचे 100 दर फेब्रुवारीत घेतले जातात.

करारात "एक वर्ष" की "365 दिवस"?

1 मार्च 2027 पासून "एक वर्षासाठी" केलेला सुरक्षा रक्षकांचा करार 29 फेब्रुवारी 2028 ला संपतो. तोच करार "365 दिवसांसाठी" लिहिला तर 28 फेब्रुवारीलाच संपतो. दोन गेट आणि तीन पाळ्या म्हणजे सहा ड्युट्या. 29 तारखेला हे रक्षक उभे राहतील, पण कुठल्या करारावर? त्या दिवशी अपघात झाला तर आधी कराराची तारीख पाहिली जाते आणि मग विम्याच्या पॉलिसीची. दोन्ही तारखा जुळवून घ्या. ठोक मासिक बिल असेल तर त्यात 29 वा दिवस धरला आहे, हे एका ओळीत लिहून घ्या. एजन्सी पुढे सहा ड्युट्यांचे वेगळे बिल लावणार नाही.

युनियनशी तीन वर्षांचा वेतन करार असेल तर त्या मुदतीत 29 फेब्रुवारी येतो का ते पाहा. येत असेल तर दिवस 1,096 भरतात. वार्षिक उत्पादनाचे लक्ष्य 365 ने भागून रोजचे लक्ष्य काढले असेल, तर एक दिवस कुणाच्या बाजूने गेला यावर वाद होतो.

नोटिशीचेही असेच. 31 जानेवारी 2028 ला दिलेली एक महिन्याची नोटीस 29 फेब्रुवारीला संपते. 30 दिवसांची असेल तर दुसऱ्या दिवसापासून मोजून ती 1 मार्चला संपते. प्रसूती रजा आठवड्यांत मोजतात, म्हणून तिथे अर्थाचा प्रश्न येत नाही, पण तारीख बदलते: 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि 1 जानेवारी 2028 ला सुरू झालेली रजा बरोबर 30 जूनला पूर्ण होते. एरवी ती 1 जुलैला झाली असती.

पाळ्यांचा तक्ता आणि मशीन

साधा फेब्रुवारी बरोबर चार आठवड्यांचा असतो, म्हणून अनेक सुपरवायझर फेब्रुवारीचा पाळ्यांचा तक्ता जसाच्या तसा मार्चला चिकटवतात. 2028 मध्ये हे चालणार नाही. 1 फेब्रुवारीला मंगळवार आहे, तर 1 मार्चला बुधवार. साप्ताहिक सुट्ट्या एका दिवसाने सरकतील आणि कुणाच्या तरी वाट्याला सलग सात दिवस काम येईल. एक्सेलमध्ये महिन्याचे दिवस हाताने टाकू नका, महिन्याची शेवटची तारीख देणाऱ्या ईओमंथ (EOMONTH) फंक्शनने काढा. जुने हजेरी मशीन असेल तर 29 च्या सकाळी पहिल्या पंचची तारीख पाहून घ्या. रात्री 10 ला सुरू होऊन 1 मार्चला सकाळी 6 ला सुटणारी पाळी मस्टरवर 29 चीच धरा.

जन्मतारीख 29 फेब्रुवारी

29 फेब्रुवारी 1972 ला जन्मलेल्या कामगाराला 58 पूर्ण होतील ते 2030 मध्ये, आणि तेव्हा ती तारीखच नाही. स्थायी आदेशात (कारखान्याच्या नोकरीविषयक लेखी नियमांत) "ज्या महिन्यात वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरीस" असे शब्द असले की 28 फेब्रुवारी 2030 हे उत्तर आपोआप येते. (मोरारजी देसाईंचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. 1900 हे लीप वर्ष नसल्याने ती तारीख त्यांच्या आयुष्यात पुन्हा आली ती थेट 1904 मध्ये.)

तपासणीसाठी नेमणूकपत्राचा नमुना, कंत्राटदार व सुरक्षा एजन्सीचे चालू करार, विमा पॉलिसी आणि मागच्या कोणत्याही फेब्रुवारीचे पगारपत्रक घेऊन आमच्या धंतोलीच्या ऑफिसात या. मूळ प्रती नकोत, झेरॉक्स चालेल.