अशनी : घटक आणि खानदेशातील ओळख

अवकाशातून येऊन, वातावरणात पुरता न जळता जमिनीवर पोहोचलेला दगड किंवा धातूचा गोळा म्हणजे अशनी. रात्री ‘तारा तुटला’ म्हणतात ती उल्का; तिचे बहुधा काहीच खाली येत नाही. अशनी मुख्यतः मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांचे तुकडे असतात, मोजके चंद्राचे व मंगळाचे.

पडताना पाहिलेल्या शंभरांपैकी सुमारे ९४ दगडी, ५ लोखंडी आणि एखादा मिश्र असतो. दगडींत कॉन्ड्राइट सर्वांत जास्त : ऑलिव्हिन व पायरॉक्सिन खनिजांच्या करड्या अंगात खसखशीएवढे गोल दाणे (कॉन्ड्रूल) आणि मध्ये लोह-निकेलचे चकचकीत ठिपके. त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे. लोखंडी अशनीत निकेल साधारण ५ टक्क्यांहून अधिक असते. तो कापून, घासून, सौम्य नायट्रिक आम्ल लावले की बहुतेकांत आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी उमटते. लाखो वर्षे संथ निवल्याशिवाय ती तयार होत नाही, म्हणून भट्टीतल्या लोखंडात कधी दिसत नाही.

खानदेशच्या नावावर दोन जुन्या नोंदी आहेत. १८७७ मध्ये धुळ्याकडे पडलेला, ‘भगूर’ नावाने नोंदलेला अशनी साधा कॉन्ड्राइट आहे. त्याआधीचा, १८४३ चा एदलाबादजवळचा (आताचे मुक्ताईनगर) ‘माणेगाव’ जास्त दुर्मीळ : तो डायोजेनाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ पायरॉक्सिन. असे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातले मानले जातात. त्याचे जतन झालेले वजन अगदी थोडे.

‘चुंबक चिकटला की अशनी’ हा सल्ला इथे उलटा पडतो. खानदेशातल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट असते, त्यामुळे बांधावरचा कुठलाही धोंडा चुंबक थोडाफार ओढतो. डायोजेनाइटमध्ये मात्र धातू नगण्य, त्यामुळे माणेगावचा दगड याच परीक्षेत नापास झाला असता. शिवाय जोरदार चुंबक लावला तर दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. करायचेच तर साधा चुंबक दोऱ्याला टांगून, दगडाला न टेकवता, जवळ न्यावा.

त्यापेक्षा दगडाची साल, म्हणजे बाहेरचा थर, पाहावा. ताज्या अशनीवर एक मिलिमीटरहून पातळ, वितळलेली काळी साल असते आणि फुटलेल्या जागी आतला रंग बहुधा फिका दिसतो. बेसाल्ट आतूनही काळाच. अंगभर बुडबुड्यांची भोके असतील तर तो बेसाल्ट किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी (वितळून गोठलेला टाकाऊ भाग) समजावा. बिनचकाकीच्या फरशीवर घासल्यावर लाल रेघ उठली तर हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे खनिज. घनताही उपयोगी : कोरडे वजन भागिले कोरड्या व पाण्यात टांगलेल्या वजनांतला फरक. घट्ट बेसाल्ट २.९ च्या आसपास भरतो, साधा कॉन्ड्राइट ३.३ ते ३.७. फरक थोडाच, म्हणून लहान दगडाला स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही. ताज्या पडलेल्या दगडावर ही पाण्याची परीक्षा करूच नये, आतले लोखंड गंजते.

तापीकाठच्या खोल गाळाच्या रानात मुळात दगडच कमी, तिथे एकटा पडलेला काळा दगड लक्ष देण्याजोगा. तो गरम असेल, कडबा पेटवील, ही समजूत चूक. बहुतेक अशनी जेमतेम कोमट किंवा गार असतात. शेंदूर-तेल लावले, धुतला किंवा ‘आत काय आहे’ म्हणून घणाने फोडला, की अभ्यासाचा बराच भाग वाया जातो. आधी जागेवर फोटो, वेळ व आवाजाची दिशा नोंदवावी. मग हात न लावता स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरडा ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशातील अशनींचा राष्ट्रीय संग्रह या संस्थेकडे, कोलकात्यात आहे.