सॉकेट ग्राफ्ट
दात काढल्यावर जबड्यात जी खोबण उरते तिच्यात हाडाचा किंवा हाडासारख्या पदार्थाचा चुरा भरतात, पुढे तिथे इम्प्लांट (हाडात बसवायचं दाताचं कृत्रिम मूळ) बसवायला पुरेसं हाड शिल्लक रहावं म्हणून. नुसती सोडली तरी खोबण आपोआप भरून येते, पण जबड्याची कड बारीक होते. सहा महिन्यांत रुंदी 29 ते 63 टक्के आणि उंची 11 ते 22 टक्के कमी होते, असं 2012 च्या एका आढाव्यात आहे. सगळ्यात जास्त झिजते ती ओठाकडची भिंत, पुढच्या दातांपाशी ती बऱ्याचदा 1 मिमीपेक्षाही पातळ असते आणि तिच्यातलं बंडल बोन दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या जिवावर टिकतं, दात गेला की तंतू जातात आणि मग ते हाडही विरघळतं (अराउजो आणि लिंडे यांनी 2005 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे दाखवलं).

हाड-ग्राफ्टचा इतिहास सांगताना बहुतेक जण डच सर्जन योब फान मेकरेनपासून सुरुवात करतात. एका रशियन सरदाराच्या कवटीतला खड्डा कुत्र्याच्या हाडाने बुजवला, चर्चने त्याला वाळीत टाकलं म्हणून त्याने ते हाड काढून घ्यायला सांगितलं, पण तोवर ते घट्ट जुळून गेलं होतं, अशी ती कथा. साल कुठे 1668 दिसतं कुठे 1682, पहिलं डच पुस्तकाचं आणि दुसरं लॅटिन आवृत्तीचं असावं, त्यामुळे 1668 धरणंच बरं. मेकरेनने ही शस्त्रक्रिया स्वतः केली नव्हती, ऐकीव हकीकत नोंदवली होती, म्हणून पुरावा म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. कृत्रिम पदार्थाची नोंद त्यामानाने पक्की आहे, 1892 मध्ये जर्मन सर्जन ड्रीसमनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. 1965 मध्ये अमेरिकन सर्जन मार्शल युरिस्टने दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं.

मटेरियल चार प्रकारचं: रुग्णाचं स्वतःचं हाड, दुसऱ्या माणसाचं दान केलेलं, प्राण्याचं (मुख्यतः गाईगुरांचं, बायो-ऑस हा ब्रँड त्यातलाच) आणि कृत्रिम, म्हणजे हायड्रॉक्सीअपेटाइट आणि बीटा-टीसीपी (दोन्ही कॅल्शियम-फॉस्फेटचे पदार्थ), बायोग्लास वगैरे. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात पण ते लवकर विरघळतं आणि काढायला दुसरी जखम करावी लागते. गुरांचं हाड उलट, वर्षानुवर्षं जागेवर रहातं.

नवं हाड किती आणि आकार किती टिकला, या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. वुड आणि मीली यांच्या 2012 च्या तुलनेत खनिज काढलेल्या मानवी हाडाच्या ग्राफ्टमध्ये नवं जिवंत हाड सुमारे 38 टक्के मिळालं, खनिजासकटच्या ग्राफ्टमध्ये सुमारे 25, पण कडेच्या मापांत म्हणावा असा फरक नव्हता. गुरांच्या ग्राफ्टचा नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिला तर जुने दाणे तसेच आणि त्यांच्या भोवतीने नवं हाड, असं चित्र दिसतं. म्हणजे आकार राखायचा असेल तर सावकाश विरघळणारं मटेरियल बरं, असं मानायला जागा आहे. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मात्र एकूण पुरावा कमी खात्रीचाच ठरवलाय, अमुक एक मटेरियल सरस असं ठामपणे कोणी म्हणू नये.

करताना दात भिंत न फोडता काढायचा, खोबण क्युरेटने (चमच्यासारख्या हत्याराने) खरवडायची म्हणजे ताजं रक्त येतं, मग सलाइनमध्ये किंवा रक्तात भिजवलेले 0.25 ते 1 मिमीचे दाणे हलकेच भरायचे. ठासून भरले तर रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा रहात नाही. वर कोलॅजेनचा (एका प्रथिनाचा) प्लग किंवा मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा, आणि आडवा टाका. इम्प्लांट साधारण 4 ते 6 महिन्यांनी.

रुग्णाच्या रक्तापासून केलेलं पीआरएफ (प्लेटलेटनी समृद्ध फायब्रिनची गुठळी) आणि त्याच्याच काढलेल्या दाताचा चुरा हेही वापरतात.