अंगठा राहून जातो

वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली असते. येता-जाता एकदा दाबायची, तळवे दोनदा घासायचे आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचं, ही सर्रास दिसणारी पद्धत. तळवे होतात स्वच्छ, पण सलाईनची सुई टोचताना रुग्णाला लागतात ती बोटांची टोकं आणि अंगठा. चमकणारं द्रव्य मिसळलेलं सॅनिटायझर लावून हात अतिनील दिव्याखाली धरला की चूक लगेच कळते: तळवा उजळलेला, अंगठ्याचं बूड आणि नखांच्या कडा मात्र काळ्या.

‘स्पिरिट जितकं कडक तितकं चांगलं’ हा दुसरा गैरसमज. जंतूचं प्रथिन म्हणजे नेमक्या घड्या घातलेली लांब साखळी. घडी टिकली तरच प्रथिन काम करतं. पाण्याला टाळणारे तिचे भाग आत दडलेले असतात. अल्कोहोल तिथे शिरून घडी उसकटतं, पण त्याला पाण्याची साथ लागते. पाणीच नसेल तर प्रथिनं तितक्या सहज उलगडत नाहीत, शिवाय शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात इथेनॉल ८० टक्के आहे. सोबत त्वचेसाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड हातांसाठी नाही, द्रावणातच शिरलेले बीजाणू, म्हणजे कडक कवचात निपचित पडून राहिलेले जंतू, मारण्यासाठी आहे.

घडी उसकटायला वेळ लागतो, म्हणून हात २० ते ३० सेकंद ओले राहायला हवेत. ओंजळीच्या खळग्यात पुरेल इतकं घ्या, हात आधी कोरडे असू द्या. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं. शिकवतात त्या क्रमात बोटांची टोकं शेवटी येतात आणि घाईत तीच सुटतात. ती आधी तळव्यात घोळवा, मग अंगठा मुठीत धरून फिरवा, मग हाताची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या.

अंगठ्या उतरवा, मनगटावरचा गंडाही. मंत्रलेला असला तरी ओला दोरा जंतूंना आसराच देतो. ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ ही जाहिरातही जपून वाचा: क्लॉस्ट्रिडिऑइडिस (पूर्वीचं क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूच्या बीजाणूंपुढे अल्कोहोल हतबल आहे. अशा रुग्णाला हाताळल्यावर किंवा हात मळलेले दिसत असतील तर साबण आणि वाहतं पाणीच हवं. तिथे बीजाणू मरत नाहीत, घासून वाहून जातात. सगळं मिळून ४० ते ६० सेकंद, आणि नळ बंद करायचा तो हात पुसलेल्या कागदानेच.