वयपडताळणी कायद्यांची अंमलबजावणी (अमेरिकेतील राज्ये)

लैंगिक दृश्ये दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी पाहणाऱ्याचे वय तपासूनच आत सोडावे, अशी सक्ती करणारे राज्यांचे कायदे आणि ते मोडणाऱ्यांवरची कारवाई. पूर्वी ‘माझे वय १८ पूर्ण आहे’ या बटणावर बोट टेकवले की काम होई. दहा वर्षांच्या पोरालाही ते अडवत नसे.

सुरुवात लुईझियानाने जानेवारी २०२३ मध्ये केली. तिथे वाहन परवाना मोबाइलमध्ये ठेवण्याचे ‘एलए वॉलेट’ हे ॲप आधीच रुळलेले होते. त्यातून संकेतस्थळाला फक्त ‘वय पूर्ण’ एवढेच कळवता येते. नाव-पत्ता द्यावा लागत नाही. ही सोय फार मोलाची, कारण लोकांची खरी धास्ती आपले ओळखपत्र कुणाच्या हाती पडेल हीच असते. आधी नुकसानभरपाईचा दावा नागरिकांनीच लावायचा होता; दंडासाठी कारवाई करण्याचा अधिकार राज्याच्या ॲटर्नी जनरलला (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला) त्याच वर्षी नव्या कायद्याने मिळाला.

टेक्सासने २०२३ च्या कायद्यात ॲटर्नी जनरलचा हा अधिकार पहिल्यापासून ठेवला. दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत दंड, आणि तपासणीअभावी अल्पवयीनाने काही पाहिले तर आणखी अडीच लाखांपर्यंत. तपासणीनंतर ओळखीची माहिती साठवून ठेवली तर त्यालाही दंड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी ‘पॉर्नहब’च्या मालक ‘आयलो’ कंपनीवर दावा ठोकला. मार्चमध्ये कंपनीने टेक्साससाठी संकेतस्थळच बंद केले. तिथून उघडणाऱ्याला व्हिडिओंऐवजी कायद्याविरुद्धचे निवेदन दिसू लागले.

टेक्सासचा कायदा घटनाबाह्य असल्याचा आक्षेप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. बहुमताचा निकाल न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचा. मुलांना रोखण्याचा अधिकार राज्याला आहे आणि प्रौढांवर पडणारा भार आनुषंगिक आहे, असे त्यांनी म्हटले. प्रौढांना कायद्याने पाहता येणाऱ्या मजकुरावर हा भार पडतो, म्हणून कायदा अधिक कडक कसोटीवर घासायला हवा होता, हे न्या. एलेना केगन यांचे भिन्नमत. ते दुर्लक्षून चालणार नाही.

अंमलबजावणीत पळवाटा उरतातच. व्हीपीएन (आपले ठिकाण लपवणारी सेवा) लावले की टेक्सासमधला माणूस दुसऱ्याच गावचा दिसतो. शिवाय टेक्सासचा कायदा एकतृतीयांशाहून अधिक मजकूर लैंगिक असलेल्या संकेतस्थळांनाच लागू आहे. ज्या समाजमाध्यमांवर तसाच मजकूर इतर हजार गोष्टींत मिसळून मुलांसमोर येतो, ती या मापात बसत नाहीत.