धनगरवाड्यांसाठी सामूहिक वनहक्क: दावा कसा करायचा, कागद कुठले लागतात

देशाच्या एक तृतीयांश भूभागावर झाडोरा हवा, असं 1988 चं राष्ट्रीय वन धोरण सांगतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना बाजूला ठेवून हे साधायचं नाही. 2006 चा वनहक्क कायदा गावाला आपलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं नियोजन करायचा हक्क देतो. हाच सामूहिक वनसंसाधनाचा हक्क. अभयारण्यातलं जंगलही त्यात येतं, हे दाजीपूर परिसरातल्या वाड्यांनी लक्षात ठेवावं.

दावा अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी करू शकतात. आपल्याकडचा धनगर समाज दुसऱ्या गटात येतो. त्यासाठी अट अशी, की 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, कुटुंबं वनात किंवा वनालगत राहून पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून असली पाहिजेत. लोक इथंच बिचकतात. एकाच तुकड्यावर 75 वर्षांचा ताबा दाखवायचा, असं त्यांना वाटतं. तसं नाही. दाखवायचं आहे ते वास्तव्य. शिवाय गावातला प्रत्येक जण वननिवासी असावा लागत नाही, थोडे असले तरी दावा चालतो.

75 वर्षं मागं मोजलं की आपण 1930 ला, म्हणजे संस्थान काळात पोचतो. संस्थानांचे नकाशे, हक्कनोंदी, सवलतींचे कागद नियमांनी पुरावा म्हणून स्पष्टपणे मान्य केलेत, आणि कोल्हापूरकरांसाठी ही मोठीच सोय आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीत, शोध घ्या. तुमचा भाग विशाळगड किंवा बावडा जहागिरीत होता का, तेही विचारा. चंदगडकरांनी मात्र बेळगावकडचे जुने कागद पाहावेत, कारण तो तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता.

कागद नसले म्हणून दावा सोडू नका. देवराई, जुनी विहीर, गोठ्यांचे चौथरे, दफनभूमी या खुणाही पुरावाच. मतदार यादी, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या जोडाव्यात. दावेदार नसलेल्या जाणत्या माणसांचे लेखी जबाबही चालतात, आणि ते सगळ्यात आधी घ्या. ऐंशी-नव्वदीतली माणसं आपल्यासाठी थांबणार नाहीत. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे हवेत. उपग्रह छायाचित्र नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

आता प्रक्रिया. ग्रामसभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात किमान एक तृतीयांश महिला. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. भातलावणीच्या दिवसांत सभा ठेवू नका, गणपूर्ती होत नाही. दाव्याचा नमुना फुकट मिळतो, सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना क घ्यावा. त्यात सभासदांची यादी, वनाचा कक्ष (वन विभागानं पाडलेला भाग) क्रमांक, शेजारची गावं आणि पारंपरिक हद्दीचा नकाशा द्यायचा. हद्द ठरवताना शेजारच्या गावाला बोलवा, नाहीतर पुढं वाद होतात. दाव्याची पोच लेखी घ्या.

मग समिती जागेवर पडताळणी करते. वन आणि महसूल कर्मचाऱ्यांनी हजर राहून सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणानं हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडं परत येतो. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले, तर पडताळणीबाबतचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून नोटिशीची प्रत जपून ठेवा. ग्रामसभेचा ठराव प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जातो. ग्रामसभेच्या ठरावावर नाराज असाल तर 60 दिवसांत प्रांतांच्या समितीकडं, तिच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडं दाद मागता येते.

हक्कपत्र मिळाल्यावर ग्रामसभा संरक्षण समिती नेमते आणि व्यवस्थापन आराखडा करते. वणवा कुठं अडवायचा, चराई कुठं थांबवायची, कुठं हिरडा आणि जांभूळ लावायचं, हे त्यात गाव ठरवतं. वन विभागानं आपल्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या योजनेत, तो आराखडा सामावून घ्यायचा असतो.