तंत्रज्ञानाची चाहूल घेण्याच्या पद्धती : पार्श्वभूमी

येत्या दहा-पंधरा वर्षांत कोणते तंत्रज्ञान रुजेल, याचा अंदाज बांधताना आज तज्ज्ञांची मते, शोधनिबंध आणि पेटंटे एकत्र वाचली जातात. या तिन्ही वाटा निरनिराळ्या गरजांतून तयार झाल्या. त्यांपैकी पेटंट-वाचनाची वाट पुण्यातील रसायनशास्त्रज्ञांच्या नित्याच्या कामाचा भाग होती, आणि तिचा उल्लेख या इतिहासात फार कमी होतो.

तज्ज्ञमताला शिस्त लावण्याचा प्रयत्न अमेरिकेतील रँड या धोरण-संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात झाला. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना अणुयुद्धातील लक्ष्यांविषयी लेखी प्रश्न विचारले. तज्ज्ञांची एकमेकांशी गाठ पडू दिली नाही आणि प्रत्येक फेरीनंतर नवी माहिती पुरवून उत्तरे पुन्हा मागवली. समोरासमोरच्या बैठकीत ज्येष्ठाच्या शब्दापुढे इतर गप्प बसतात, हा दोष टाळण्याचा तो मार्ग होता. डेल्फी नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मुळात संरक्षणविषयक असल्याने तिचे वर्णन १९६३ मध्येच छापून आले. पुढच्याच वर्षी हेल्मर यांनी थिओडोर गॉर्डन यांच्यासह विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दीर्घकालीन भाकितांसाठी तिचा वापर केला. जपानने १९७१ पासून अशी राष्ट्रीय पाहणी ठरावीक काळाने करण्याचा परिपाठ ठेवला. भारतात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टायफॅक या तंत्रज्ञानाचे अंदाज बांधणाऱ्या संस्थेने ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये सादर केलेला ‘तंत्रज्ञान दृष्टी २०२०’ हा दस्तऐवजही व्यापक तज्ज्ञसल्ल्यावर उभा होता.

दुसरी, शोधनिबंधांची वाट ग्रंथालयांतून आली. ग्रंथव्यवहाराला संख्याशास्त्र लावावे, अशी मांडणी भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच केली होती, हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांना मात्र प्रेरणा मिळाली ती वकिलांकडून. एखाद्या न्यायनिवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांनी घेतला, हे दाखवणारी सूची अमेरिकेत १८७३ पासून वापरात होती, आणि तीच कल्पना शोधनिबंधांना लावावी, असे त्यांनी १९५५ मध्ये सुचवले. १९६४ पासून त्यांची विज्ञान-संदर्भसूची नियमित निघू लागली. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी आणखी एक पाऊल टाकले : दोन निबंध पुढच्या लेखनात वारंवार एकत्र उद्धृत होत असतील, तर त्यांच्यात विषयाचे नाते आहे, असे धरून त्यांनी संशोधनक्षेत्रांचे नकाशे काढले. नवे क्षेत्र आकार घेत असल्याची खूण अशा नकाशात त्याला नाव मिळण्यापूर्वीही दिसू शकते.

पेटंटांची वाट उद्योगाच्या गरजेतून रुंदावली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधे व रासायनिक पदार्थांच्या बाबतीत पदार्थावर नव्हे, तर तो तयार करण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट देण्याची तरतूद केली, आणि ही स्थिती २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे परदेशी पेटंट बारकाईने वाचणे, त्यातील प्रक्रियेची हद्द कुठे संपते ते ओळखणे आणि त्या हद्दीबाहेरून त्याच पदार्थाकडे जाणारा मार्ग शोधणे, हे रासायनिक संशोधनाचे आवश्यक अंग बनले. १९५० मध्ये सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनसीएल, या कामात आघाडीवर होती. वैज्ञानिक माहितीसाठी १९७७ मध्ये निस्सॅट ही राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, तेव्हा रसायनविषयक माहितीकेंद्र एनसीएलकडेच आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा, म्हणजेच सीएसआयआरचा, पेटंट-माहितीचे विश्लेषण करणारा ‘युर्डिप’ हा विभागही पुण्यातच आहे.

हे वाचन कसे चालते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा करार १९७१ मध्ये स्ट्रासबर्ग येथे झाला. त्या वर्गीकरणात ‘सी०८जी ६४’ हा संकेत पॉलिकार्बोनेटांचा, म्हणजे एका प्रकारच्या मजबूत प्लास्टिकांचा आहे : ‘सी’ म्हणजे रसायन व धातुशास्त्र, ‘०८’ म्हणजे बहुवारिके (पॉलिमर), ‘जी’ने ती बनवण्याच्या अभिक्रियांचा गट कळतो आणि ‘६४’ने नेमके कुटुंब. या संकेताखाली वर्षागणिक किती अर्ज आले, कोणत्या नव्या कंपन्या शिरल्या आणि कोणत्या जुन्या कंपन्या थांबल्या, हे पाहिले की कल हाती लागतो. हे निरीक्षण दोन्ही दिशांनी चालते : आपण परदेशी पेटंटे वाचतो, तशी परदेशी कंपन्याही आपली वाचतात. रघुनाथ माशेलकर संचालक असताना एनसीएलने याच क्षेत्रात अमेरिकी पेटंटे मिळवली, आणि जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीने त्या संशोधनाचा परवाना घेतला. माशेलकर पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले पेटंट परिषदेने जुने लेखी पुरावे मांडून १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. पूर्वीचे ज्ञान शोधण्याचे कौशल्य किती मोलाचे आहे, हे तेव्हा प्रयोगशाळांबाहेरच्या लोकांनाही कळले.

या वाटेच्या मर्यादा वर्गीकरणातच आहेत. नवे तंत्रज्ञान सुरुवातीला जुन्या संकेतांमध्ये विखुरलेले असते. नॅनोतंत्रज्ञानाला ‘बी८२वाय’ हा स्वतंत्र उपवर्ग २०११ मध्ये मिळाला, तोवर त्या विषयावर हजारो अर्ज होऊन गेले होते. शिवाय पेटंट-अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे ताज्या हालचाली निरीक्षकाला दिसतच नाहीत. ही फट भरण्यासाठी १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह’सारख्या पूर्वप्रकाशन-संग्रहांतील, म्हणजे नियतकालिकात छापून येण्यापूर्वीच खुल्या केलेल्या निबंधांतील, मजकुराचे संगणकीय विश्लेषण आता केले जाते. एखादी संज्ञा एकाएकी वारंवार येऊ लागल्याचे संगणक अचूक टिपतो, पण त्यामागे नवी अभिक्रिया आहे की जुन्याच अभिक्रियेला दिलेले नवे नाव, हे त्या विषयात काम केलेल्या माणसाकडूनच तपासून घ्यावे लागते.