जमिनीवरचे रातकिडे : कुळाच्या नावाची ओढाताण

पावसाळा सरताना नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या मळ्यांत भरदुपारी द्राक्षाच्या ओळीत नुसतं बसून राहिलं तरी ठिबकच्या नळीखालच्या ओल्या पाचोळ्यातून एक बारीक, थरथरता आवाज येत राहतो. तो जमिनीवरच्या रातकिड्यांचा. आपण सरसकट रातकिडा म्हणतो, पण हे दिवसाही तितकेच ओरडतात, त्यामुळे मराठी नावच इथे थोडं फसवं आहे. अंगाने सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान, करडे-तपकिरी, म्हणून बऱ्याच लोकांना ते मोठ्या काळ्या रातकिड्याचं पिल्लू वाटतात. पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला किडा असतो तो!

नावांचा सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1758 च्या वर्गीकरणात टोळ, नाकतोडे, रातकिडे, इतकंच काय प्रार्थनाकीटकसुद्धा 'ग्रिलस' या एकाच प्रजातीत कोंबले होते (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि जवळच्या प्रजातींचं मिळून कुळ). युरोपातल्या जंगलातल्या जातीला 1792 मध्ये नाव मिळालं आणि 1838 मध्ये तिच्यासाठी 'नेमोबियस' ही वेगळी प्रजाती केली, ग्रीकमध्ये अर्थ साधारण 'झाडीत जगणारा'.

खरा गुंता पुढचा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. एकाच स्विस अभ्यासकाने 1874 मध्ये गवताच्या पात्यांवर राहणाऱ्या नाजूक रातकिड्यांचा 'ट्रायगोनिडियम'वरून एक गट केला आणि 1877 मध्ये जमिनीवरच्यांचा 'नेमोबियस'वरून दुसरा. तीनच वर्षांचं अंतर, पण पुढे सगळं त्यावरच ठरलं. विसाव्या शतकात बहुतेकांनी दोन्ही गट मोठ्या रातकिड्यांच्या 'ग्रिलिडी' कुळात उपकुळं म्हणून ठेवले, काहींनी वेगळी कुळं केली, म्हणजे एकच किडा एका यादीत उपकुळात आणि दुसरीत स्वतंत्र कुळात. मग 2016 मध्ये दोनशेहून जास्त जातींच्या डीएनएवरून रातकिड्यांची वंशावळ मांडली गेली, तिच्यात हे दोन गट एकमेकांचे सख्खे निघाले आणि ग्रिलिडीतून बाहेर पडले. आता एकत्र कुळाला नाव कुणाचं द्यायचं? नियम सरळ आहे, जुनं नाव टिकतं. म्हणून कुळ 'ट्रायगोनिडिडी' झालं आणि आपले जमिनीवरचे त्यात 'नेमोबिनी' उपकुळ म्हणून बसले.

यावर अजून नाराजी ऐकू येते, की जमिनीवर राहणाऱ्यांना पात्यावरच्यांचं आडनाव कशाला. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण राहायची जागा म्हणजे नातं नव्हे, आणि नातं पायावर स्पष्ट दिसतं. गंगापूर धरणाच्या काठच्या चिखलातून पकडलेला जमिनीवरच्यांतला एक नर मी काचेच्या बाटलीत ठेवून भिंगाखाली बघितला होता. मागच्या तंगडीवरचे काटे लांब, केसाळ, आणि बारीक ब्रशने हलकं ढकललं की मुळापासून हलतात. मोठ्या काळ्या रातकिड्याचे तेच काटे आखूड, जाड आणि पक्के रोवलेले असतात, हलतच नाहीत. पात्यावरच्यांचे काटे मात्र असेच हलणारे! दोन सख्ख्या गटांत फरक बघायचा तर पावलाचा मधला सांधा बघा, पात्यावरच्यांचा रुंद आणि चपटा, पत्त्यातल्या बदामासारखा, पानावर घट्ट पकड घ्यायला, आणि जमिनीवरच्यांचा बारीक, चिमटल्यासारखा.

जातींची ओळख तर कानानेच पुढे गेली. अमेरिकेत 'फॅशिएटस' नावाखाली जमिनीवरच्या रातकिड्यांचा एक गठ्ठा होता, दिसायला सगळे सारखे, आवाज वेगळे, 1959 पर्यंत त्यातले वेगवेगळ्या आवाजांचे किडे वेगळ्या जाती म्हणून मांडले गेले. तरी 1983 मध्ये प्रथिनांच्या चाचणीने आणखी जाती वेगळ्या केल्या.

आपल्याकडच्यांनाही नावबदल चुकला नाही. 1869 मध्ये वर्णन झालेली 'टाप्रोबानेन्सिस' ही जात (टाप्रोबाने म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव) बराच काळ 'टेरोनेमोबियस'मध्ये होती, 1983 मध्ये केलेल्या 'पोलिओनेमोबियस' प्रजातीत आता ती धरतात. त्यामुळे जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून आपल्या भागातल्या जाती मोजताना आधी नावं जुळवून घ्या, नाहीतर एकच किडा दोनदा मोजला जातो.